‘बर्डन शेअरिंग’ला मराठीत काय म्हणावं?

रंकाळाकाठ: लष्करी मित्रदेशांवरच्या लेखाचं भाषांतर चालू आहे. त्यात ‘बर्डन शेअरिंग’ येतं, म्हणजे संरक्षणाचं ओझं मित्रदेशांनी आपसांत वाटून घेणं. ‘भारवाटप’ लिहिलं तर वाचणाऱ्याला महावितरणच आठवतं. ‘नाटोची वर्गणी’ चालेल का?

पैरेकरी: वर्गणी नको. तालमीची वर्गणी म्हणजे पावती फाडली, पैसे मंडळाच्या पेटीत. नाटोच्या वेल्समधल्या बैठकीत २०१४ मध्ये ठरलेले जीडीपीचे २ टक्के कुठल्या पेटीत जात नाहीत. ज्यानं त्यानं ते आपल्याच फौजेवर घालायचे. पगार, रणगाडे, निवृत्त सैनिकांची पेन्शनसुद्धा त्यात धरतात. २०२५ ला हेगमध्ये लक्ष्य ५ टक्क्यांवर गेलं, मुदत २०३५. त्यातले साडेतीनच निखळ लष्करी. उरलेल्या दीडमध्ये पूल-रस्ते, सायबर वगैरे. ‘अमुक देशाची वर्गणी थकली’ असं छापलं की नाटोचं देणं बुडवल्यासारखं वाटतं. खरं तर घरचाच खर्च कमी पडलेला असतो.

हे आपल्या पैऱ्याशी, म्हणजे शेतकऱ्यांनी आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबण्याशी, जुळतं. आपापले बैल, आपापली माणसं घेऊन यायचं. एकाची जोडी मरतुकडी निघाली की नांगरट दुसऱ्याच्या बैलांवर पडते. अमेरिकेची तक्रार नेमकी हीच.

रंकाळाकाठ: म्हणजे वर्गणी बादच?

पैरेकरी: छे. नाटोची सामाईक पेटीही आहे: मुख्यालय, कमांड, काही धावपट्ट्या. तिथं हिस्से ठरलेले. २०२४-२५ ला अमेरिका आणि जर्मनीचे प्रत्येकी साधारण १६ टक्के. तिथं बिनधास्त वर्गणी लिहा.

मोडीवाचक: जपान-कोरियाचा प्रकार तिसराच. अमेरिकी फौज त्यांच्या भूमीवर, म्हणून तळावरच्या स्थानिक कामगारांचे पगार, वीज-पाणी, बांधकाम यांतला वाटा ते उचलतात; जपान १९७८ पासून. ‘यजमानखर्च’ म्हणा. ‘तैनाती फौज’ लिहायचा मोह आवरा. वसईच्या १८०२ च्या तहात दुसऱ्या बाजीरावानं ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा हजार पायदळासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला, वर कंपनीला विचारल्याशिवाय इतरांशी बोलणी करायची नाहीत हेही कबूल केलं. ते ओझं जपानवर नाही.

रंकाळाकाठ: मग सगळ्याला मिळून एक शब्द?

पैरेकरी: ‘संरक्षणभाराची विभागणी’. नुसता ‘खर्च’ तोकडा पडतो. भारात माणसं, तळ, जोखीम सगळं येतं. ‘वाटणी’ टाळा, भाऊबंदकीचा वास येतो. वाक्यात मात्र ‘वाटा उचलणे’च बरं.

मोडीवाचक: आणि पैऱ्याचा दाखला ठेवणार असाल तर शेजारी ‘सावड’ लिहा. आपल्या भागाबाहेर पैरा कळेलच असं नाही.