एनजीओचं बजेट करताना बेंचमार्क (तुलनेसाठीचा आकडा) कुठून आणायचा? ॲडमिन खर्च नक्की किती टक्के धरायचा?

कोरडवाहू:
आमची संस्था छोटी आहे, पेठ-सुरगाणा पट्ट्यात मुलांच्या अभ्यासिका चालवतो. पुढच्या तीन वर्षांचं बजेट करायला बसलोय आणि एकाच जागी अडलोय. एक देणगीदार म्हणतात ॲडमिन 5 टक्क्यांच्या वर चालणार नाही, सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाचा, नियमच आहे. आमचे ट्रस्टी म्हणतात 10 धरा, सगळे तेवढंच धरतात. मला हे दोन्ही आकडे हवेतले वाटतात. आपल्यासारखंच काम, तसाच भाग, तेवढाच पसारा अशा चार-पाच संस्थांचे हिशोब मागून आणावेत, दर मुलामागे वर्षाला किती पडतात ते काढावं आणि त्यावरून बजेट बांधावं असं माझं ठाम मत आहे. कुणी केलंय का असं?

खतावणी:
आधी त्या 5 टक्क्यांचं बघू. 2021 च्या सीएसआर नियमांतली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेवर नाही. देणगीदारांना नियमच दाखवा. परदेशी पैसा असेल तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, ॲडमिन मर्यादा वेगळी, आधी 50 टक्के होती, 2020 च्या दुरुस्तीनंतर 20. पण त्यातही शाळेतल्या शिक्षकांचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार ॲडमिनमध्ये मोजत नाहीत. आणि 20 ही कमाल मर्यादा आहे हो, तेवढा खर्च व्हायलाच हवा असं काही नाही.

स्पष्टच_बोलतो:
मी देणगीदाराच्या बाजूने बोलणार. दरवर्षी पेन्शनमधून दोन-तीन संस्थांना पैसे देतो, मला एक आकडा हवा जो बघून कळेल की पैसा मुलांपर्यंत जातोय की ऑफिसात जिरतोय. दर मुलामागे खर्च हा तर सगळ्यात सोपा फिरवायचा आकडा, हजेरीपटावर चाळीस नावं आणि रोज येणारी पंधरा, मग भागाकार कशाने करणार? टक्केवारी निदान ऑडिट झालेल्या कागदावरून निघते. नातेवाइकांना पगारावर ठेवणारे ट्रस्ट मी पाहिलेत म्हणून एवढं लिहितोय.

निळी_शाई:
काका, तुमची काळजी खरी आहे पण टक्केवारीचा आकडा तरी कुठे एक आहे? ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातल्या नावाजलेल्या संस्थांचे हिशोब तपासले तेव्हा अप्रत्यक्ष खर्च (ॲडमिनसारखा, थेट कामावर न होणारा) 5 पासून 51 टक्क्यांपर्यंत निघाला, मध्यक म्हणजे मधल्या संस्थेचा आकडा 19. एवढी तफावत का, तर प्रत्येकाचं काम वेगळं. आरोग्य प्रशिक्षणवाल्यांचं गणित अन्नवाटप करणाऱ्यांना कसं लागू पडेल?

स्पष्टच_बोलतो:
म्हणजे उद्यापासून सगळे 19 लिहिणार! शिवाय त्या मोठ्या, बऱ्यापैकी पैसा असलेल्या संस्था. सुरगाण्याच्या अभ्यासिकेने तो आकडा का घ्यावा?

खतावणी:
हा मुद्दा बरोबर आहे, घेऊच नये. पण ऑडिट झालेला कागद म्हणजे खात्रीचा आकडा असंही धरू नका. धर्मादाय आयुक्तांकडे जातं ते शेड्युल नऊ, म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक, त्यात आस्थापना (म्हणजे ऑफिस-कारभाराचा) खर्च वेगळा आणि उद्दिष्टांवरचा खर्च वेगळा. आता समजा 20 लाखांचा खर्च आहे, त्यात अभ्यासिका ताईंचे पगार 8 लाख आणि खरा ऑफिस खर्च 2 लाख. एक अकाउंटंट ते 8 लाख शैक्षणिक उद्दिष्टाखाली टाकतो, ॲडमिन येतं 10 टक्के. दुसरा "पगार" दिसला की सगळा आस्थापनेत टाकतो, त्याच संस्थेचं 50 टक्के होतं. काम तेच, मुलं तीच. म्हणून दुसऱ्या संस्थेचा अहवाल घेतलात तर नुसती टक्केवारी उचलू नका, फोन करून कोणता पगार कुठल्या खर्चाच्या सदराखाली गेलाय ते विचारा, बहुतेक जण सांगतात.

मनमाडकर:
टक्क्यांवर एवढी भांडाभांडी आणि रोकड किती महिने पुरेल यावर कुणीच बोलत नाहीये. सीएसआरचा हप्ता लांबला की एप्रिल ते जूनचे पगार कुठून देणार? माझ्या दृष्टीने नियोजनाचा पहिला बेंचमार्क हा. आणि "ट्रस्टला शिल्लक ठेवता येत नाही" ही समजूत काढून टाका, आयकरात उत्पन्नाच्या 85 टक्के खर्च दाखवावा लागतो, 15 टक्के बाजूला राहू शकतात, त्याहून जास्त ठेवायचे तर कारण देऊन त्यासाठीचा फॉर्म भरायचा, पाच वर्षांपर्यंत मुदत मिळते. सीएना विचारून करा फक्त, तारीख चुकवू नका.

स्पष्टच_बोलतो:
राखीव रकमेला माझा विरोध नाही, ती लपवण्याला आहे. आणि टक्केवारी मी सोडणार नाही. पण खतावणींनी सांगितलं तसं कोणता पगार कुठे धरलाय याची चार ओळींची टीप अहवालात दिली, रोजची सरासरी हजेरी दिली, तर मी 25 टक्के ॲडमिनवाल्या संस्थेलाही पैसे देईन.

कोरडवाहू:
टीप नक्की टाकतो काका, हजेरीही पटावरची नाही, रोजची देतो. दोन संस्थांना आजच मेल केलाय. एक अजून सांगा, आमचा समन्वयक आठवड्यातले तीन दिवस पाड्यांवर असतो आणि दोन दिवस रिपोर्ट-बिलं करतो, त्याचा पगार आणि मोटारसायकलचं पेट्रोल तुम्ही कसं विभागता? दिवसांच्या प्रमाणात धरलं तर ऑडिटर मान्य करतात का?

खतावणी:
करतात. टाइमशीट (कोणत्या दिवशी कोणतं काम केलं याची नोंद) ठेवा आणि दरवर्षी तीच पद्धत ठेवा, मध्येच बदलू नका.