‘फ्यूज्ड’ म्हणजे जोडलेली की वातीची?

दौत: मेणानं तुंबलेल्या तेलवाहिन्या मोकळ्या करण्यावरचा लेख मराठीत आणतेय. त्यातल्या ‘फ्यूज्ड केमिकल रिॲक्शन’ला मी ‘संमीलित अभिक्रिया’ लिहिलं, तर तपासणाऱ्या इंजिनियरांनी लाल रेघ मारली. फ्यूजन म्हणजे संमीलन, असंच शिकलोय ना?

वाळूघड्याळ: हा फ्यूज सुरुंगाच्या वातीचा. अमोनियम क्लोराइड आणि सोडियम नायट्राइटची द्रावणं एकत्र केली तरी आम्ल मिळेपर्यंत जवळपास गप्प राहतात. मी करून पाहिलंय. आम्ल पडल्यावर आधी तळाशी बारीक बुडबुडे, मग एकदम फसफसून वर आलं, चंचुपात्र हातात धरवेना. नायट्रोजन उडून जातो, मागे मिठाचं गरम पाणी. दर मोलला ३०० किलोज्यूलहून जास्त उष्णता! पण ती वाहिनीच्या तोंडाशीच सुटली तर फुकट. मेण धरतं पुढे, समुद्रतळाच्या ४ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तेल गार होतं तिथे. म्हणून आम्लावर सावकाश विरघळणारं आवरण चढवतात. ते आवरण हीच वात. ब्राझीलच्या पेट्रोब्रास या तेलकंपनीनं समुद्रातल्या वाहिन्यांसाठी रसायनांची हीच जोडी वापरली.

दौत: मग ‘विलंबित उष्मादायी अभिक्रिया’ चालेल?

षड्ज: नको हो. विलंबित ख्याल उशिरा सुरू होत नाही, संथ चालतो. इथे सुरुवात उशिरा आणि पुढे थेट द्रुत.

जुनीपोथी: संस्कृतात विलंबित म्हणजे उशीर झालेलाही. शब्द काही गवयांनी गहाण ठेवून घेतलेला नाही.

षड्ज: मराठी वाचकाच्या कानात काय वाजतं ते बघा. ‘वातीची अभिक्रिया’ म्हटलं की लगेच कळतं.

जुनीपोथी: त्यात वातविकाराचा वास येतो. ‘पलिता’ घ्या.

आडवाट: तो वात पुल्लिंगी, त्याचं ‘वाताची’ होईल. ही वात संस्कृत ‘वर्ति’ची लेक, बत्तीची सख्खी बहीण. पलिता मात्र अरबी ‘फतीला’वरून फारसीमार्गे आलेला. इंग्रजीतही तसंच आहे: वितळणारा फ्यूज लॅटिन ‘ओतणे’वरून, वातीचा फ्यूज ‘चाती’ म्हणजे सूतकताईच्या टकळीवरून, कारण ती नळी चातीच्या आकाराची असे.

जुनीपोथी: मुळात ‘मेण’च चुकीचं. मेण मधमाशीचं, खनिज तेलातलं ते पॅराफिन.

षड्ज: मग मेणबत्तीला काय म्हणायचं? तीही बहुतेक पॅराफिनचीच असते.

जुनीपोथी: चूक रुळली म्हणून बरोबर होत नाही.

वाळूघड्याळ: होते. पिग, म्हणजे वाहिनी आतून खरवडत जाणारा बोळा, घालून काढलेलं ते बोटांनी चोळून बघा. मेणचटच लागतं, दुसरा शब्द सुचत नाही.

दौत: ‘मेण’ तर माझ्या लेखाच्या शीर्षकातच आहे. आता तेही बदलायचं का?