मोठ्या टाकीला कॅनिस्टर कशाला? संप घरीच बांधा!

तळ्यात_मळ्यात (धागाकर्ता)

चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी म्हणजे काठोकाठ साडेचारशे लिटर पाणी. एवढी टाकी घेतली की दुकानदार लगेच कॅनिस्टर (नळ्यांनी टाकीला जोडलेला बंद डब्याचा फिल्टर) गळ्यात मारायला बघतो. माझं मत सरळ आहे. ऑस्कर, गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न असले खादाड मासे पाळायचे असतील तर टाकीखालच्या कपाटात घरी बांधलेला संपच हवा. वरचं पाणी पाइपातून आपसूक खाली येतं, दुसऱ्या छोट्या टाकीतल्या कप्प्यांतून गाळत जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर चढवतो.

फिल्टर म्हणजे नुसती घाण अडवायची गाळणी नव्हे. मासे अमोनिया सोडतात, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंना बसायला भरपूर जागा लागते आणि प्राणवायू लागतो. डब्यावरचं कंपनीचं नाव त्यांना वाचता येत नाही. भांडी घासायची प्लास्टिकची जाळीदार घासणी घ्या (साबण लावलेली नको, तारेची तर अजिबात नको), गोणीभर टाका, काम होतं. सगळ्यात वर पांढरं फिल्टर वूल (कापसासारखा गाळायचा थर), कारण ते दर आठवड्याला बदलायचं तर हाताशी पाहिजे. त्याखाली जाड स्पंज, मग घासण्या. घासण्या नळाखाली कधीच धुवायच्या नाहीत, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात खळबळून घ्यायच्या.

बोला आता.

तिसरा_मजला

खालच्या मजल्यावरच्यांना विचारलंत का? या टाकीत एक इंच उंचीचं पाणी म्हणजे साधारण १९ लिटर. पंपाच्या पाइपाचं तोंड पाण्यात आठ इंच बुडालेलं असेल आणि वीज गेली, तर पाणी त्याच पाइपातून उलटं खाली येतं. दीडशे लिटर! तुमचा संप केवढा, शंभर लिटरचा? उरलेलं सगळं फरशीवर आणि मग दुसऱ्या मजल्याच्या छतात. कॅनिस्टर बंद डबा असतो. वीज गेली की गप्प बसतो.

तळ्यात_मळ्यात

हे गणित बांधायच्या आधीच करायचं असतं. पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीखाली जेमतेम इंचभर ठेवायचं आणि पातळीच्या किंचित खाली पाइपाला एक भोक पाडायचं. वीज गेली, पातळी भोकापर्यंत उतरली की पाइपात हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. संप ११० लिटरचा असेल तर चालू असताना त्यात साठच लिटर ठेवायचे. वरून दोन-अडीच इंच पाणी उतरलं तरी मावतं. पहिल्याच दिवशी प्लग काढून बघायचं, म्हणजे नंतर रात्री झोप लागते.

तिसरा_मजला

आणि त्या भोकात शेवाळ धरलं, गोगलगाय जाऊन बसली की? भोक बुजलेलं कळतं ते फरशी ओली झाल्यावरच.

तळ्यात_मळ्यात

म्हणून दोन भोकं पाडायची, आणि काच पुसताना दात घासायचा जुना ब्रश त्यांतून फिरवायचा. नॉन-रिटर्न वॉल्वच्या (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेच्या) भरवशावर मात्र राहू नका, त्यात कचरा अडकला की तो बसतच नाही.

वऱ्हाडी_ऑस्कर

धागाकर्त्याला +१. अकोल्यातून लिहितोय, त्यामुळे उन्हाळ्याचं बोलतो. २० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. मे महिन्यात टाकी त्याच्याही वर जाते. संपात पाणी कप्प्यातून पडताना हवा घेत येतं, थोडं थंडही होतं. वर लाइटचा भरवसा नाही. कॅनिस्टर तीन-चार तास बंद पडला की आतल्या गाळात प्राणवायू संपतो, गाळ सडायला लागतो. लाइट आली की तो वास मारणारा काढा थेट टाकीत. संपातल्या ज्या घासण्यांवर पाणी ठिबकतं त्या हवेतच असतात. ओलसर राहिल्या तरी जिवाणू तग धरतात.

कॅनिस्टर_क्लब

तिन्हीत्रिकाळ लाइट जाणाऱ्या गावाचं ठीक आहे हो, बाकीच्यांनी काय करायचं? शिवाय विजेचा हिशेब कुणी सांगत नाही. संपाच्या पंपाला पाणी चार-साडेचार फूट चढवावं लागतं. डब्यावर तासाला ३००० लिटर लिहिलेला आणि कमाल उंची ३ मीटर असलेला पंप दीड मीटरवर ढोबळमानाने निम्मंच पाणी देतो. म्हणून तुम्ही मोठा पंप घेता. ५० वॉट धरा, महिन्याला ३६ युनिट. कॅनिस्टरची नळी खाली जाते तेवढीच वर येते, त्यामुळे मोटरला फक्त घर्षणाशी झगडायचं असतं. २० वॉटमध्ये भागतं, म्हणजे साडेचौदा युनिट. पाच वर्षांचं बिल मांडा आणि मग मला ‘स्वस्त’ म्हणून दाखवा.

आणि आवाज? संपाची ती गुळगुळ, खळखळ हॉलमध्ये चोवीस तास. घरचे किती दिवस ऐकून घेतील?

तळ्यात_मळ्यात

विजेचं मान्य, तिथे कॅनिस्टर जिंकतो. आवाजाचं नाही. खाली येणाऱ्या पाइपाच्या डोक्यावर टी (इंग्रजी T आकाराचा जोड) लावायचा, टोपीला बारीक भोक ठेवायचं, हवेला वाट मिळाली की गुळगुळ थांबते. दहा-वीस रुपयांचा टी आहे तो.

जुना_खवचट

दोन्ही पक्ष बाजूला बसा. नायट्रेट तुमच्या संपातूनही बाहेर जात नाही आणि कॅनिस्टरमधूनही. ते जातं बादलीने, किंवा थोडंफार मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली तर. साडेचारशे लिटरच्या टाकीत सहा ऑस्कर कोंबायचे आणि मग फिल्टरवरून भांडायचं! ऑस्कर फूटभर होतो. दोन ठेवा, आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, मग साध्या स्पंज फिल्टरांच्या जोडीवरही ते सुखात राहतील.

बोअरवालेही ऐका, तुमच्या पाण्याचा पीएच जास्त असू शकतो. पीएच ७ ला जेवढा अमोनिया विषारी रूपात असतो, त्याच्या जवळजवळ दहापट पीएच ८ ला असतो. नवीन फिल्टरला जिवाणू धरायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि लोक दुसऱ्याच दिवशी मासे सोडतात. संप घरी बांधला काय नि विकत आणला काय, घाईला औषध नाही.

तळ्यात_मळ्यात

सहा ऑस्कर कोण म्हणालं? पण खवचटकाका, पाणीबदलाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. संपाला तळाशी बॉल वॉल्व बसवला की पाइप थेट मोरीत. नायट्रेटचं पाणी बादल्या न उचलता बाहेर. कॅनिस्टरवाल्यांनी करून दाखवावं.

नवखी_नाशिककर

माझी टाकी भरलेली आहे, मासेही आहेत. काचेला भोक न पाडता संप जोडता येईल का? काठावर लटकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स मिळतो म्हणे.

तिसरा_मजला

मिळतो, पण तो सायफनवर (काठावरून पाणी खेचून खाली सोडणाऱ्या वाकड्या नळीवर) चालतो. वीज येऊन-जाऊन सायफन तुटला की खालचा पंप वर पाणी चढवत राहतो आणि टाकी काठावरून सांडते. तुमच्यासाठी कॅनिस्टरच, ताई.

तळ्यात_मळ्यात

इथे मी तिसऱ्या मजल्याच्या बाजूने. भरलेल्या टाकीला भोक पाडायचं नाही, आणि काच टफन (तापवून कडक केलेली) असेल तर रिकामीलाही नाही, क्षणात चुरा होतो. पण कॅनिस्टर कशाला? टाकीच्या वरच प्लास्टिकच्या ड्रॉवरचा ट्रे फिल्टर ठेवा. पंप पाण्यात, ट्रे काठावर, तळाला भोकं. सांडलंच तर पाणी टाकीतच पडतं. सिलिकॉन लागलं तर बाथरूमचं बुरशीनाशकवालं आणू नका, माशांना विष आहे ते. आणि पंपाची वायर प्लगपेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्या, नाहीतर थेंब वायरीवरून घसरत थेट सॉकेटात.

कॅनिस्टर_क्लब

म्हणजे ‘संपच हवा’वरून प्लास्टिकच्या ड्रॉवरवर आलात. अजून चार प्रतिसाद होऊ द्या, दुकानात दिसाल.