हयगय, अविचार आणि गय

विश्रामबाग, सांगली : अपघाताच्या फिर्यादीतलं ठरलेलं वाक्य: ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून मरणास कारणीभूत झाला.’ समजा, चालक ७८ वर्षांचे आजोबा. गाडी मागे घेताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला नि मागचा माणूस दगावला. यात भरधाव कुठं? हयगय आणि अविचार एकच का?

सातारा (वकिली) : ‘भरधाव’ साच्यातला आहे, सोडून द्या. हयगय म्हणजे करायचं ते न करणं: आरसा न बघणं, मागे वळून न पाहणं. अविचार म्हणजे धोका दिसत असताना रेटणं. खंबाटकीच्या वळणावर ओव्हरटेक मारणारा अविचारी. आपल्या कलमात दोन्ही ‘किंवा’ने जोडलेत, एक शाबीत झालं तरी पुरे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत. इंग्लंडात मात्र गुन्हेच दोन: निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत, धोकादायक चालवण्याने झाला तर २०२२ पासून थेट जन्मठेपेपर्यंत.

मिरज : मग साहेब लोक ‘कोणाचीही हयगय केली जाणार नाही’ म्हणतात, ते काय?

सातारा : तिथं ‘गय’ हवं. हयगय कामाची, औषधाची. गय माणसाची, म्हणजे त्याला मोकळं सोडणं. ‘आजोबांची हयगय झाली’ म्हटलं तर घरच्यांनी बघितलं नाही असा अर्थ होईल!

तासगाव : वय बघून कोर्ट गय करतं का?

सातारा : शिक्षा किती द्यायची ते ठरवताना वय, आजारपण मांडता येतं. पण अशा गुन्ह्यात परिवीक्षेवर (तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर) सोडण्याची सवलत सहसा देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच म्हटलंय. माझ्या मते खरा प्रश्न गाडीत बसण्याआधीचा. पंचावन्न ओलांडल्यावर परवाना पाच-पाच वर्षांनीच वाढतो, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फॉर्म १-अ. पेडल चुकणं ही हयगय. डॉक्टरांनी ‘गाडी बंद करा’ सांगितल्यावरही किल्ली उचलणं, याला मी अविचारच म्हणेन, मग गाडी वीसच्या वेगानं का असेना.

विटा : वकीलसाहेब, कागदावर ‘हयगईने’ असतं. बरोबर?

सातारा : सर्रास लिहितात. पण सोय-सोयीने, सवय-सवयीने, तसं हयगय-हयगयीने.