मदत हवी आहे : आरोपी सुटले, अपील कुठे करायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावजवळच्या खेड्यातले. बांधाच्या भांडणात माझ्या काकांच्या हातावर कोयत्याचा वार झाला, दोन बोटं अजून वळत नाहीत. भारतीय दंड संहितेच्या ३२६ कलमाखाली (घातक हत्याराने गंभीर दुखापत) तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात केस चालली. पंच फितूर झाले. कोयता जप्त केला तेव्हा आपण तिथे नव्हतोच, असं दोघांनीही सांगितलं, पंचनाम्यावर सह्या असूनसुद्धा! गेल्या महिन्यात सगळे निर्दोष सुटले.

सरकारी वकील म्हणतात, सरकार अपील करेल तेव्हा बघू. पण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००९ च्या दुरुस्तीने पीडितालाही अपिलाचा हक्क मिळालाय ना? मल्लिकार्जुन कोडगली विरुद्ध कर्नाटक सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की पीडिताला त्यासाठी हायकोर्टाची परवानगी लागत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या निकालावर आमचं अपील बेळगावच्या सेशन्स कोर्टात जातं. एक ओळखीचे मात्र थेट हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात चला म्हणतात. खर्चाच्या दृष्टीने फरक मोठा आहे, म्हणून विचारतोय. बरोबर कोण?

निकालपत्र कन्नडमध्ये आहे, काकांना वाचता येत नाही. मराठीत नीट समजावून सांगणारा फौजदारी वकील बेळगावात कुणाच्या माहितीत असेल तर कृपया मेसेज करा. डॉक्टरांची साक्ष आमच्या बाजूने आहे. पंच फिरले तरी तेवढ्यावर अपील टिकतं का, हेही अनुभवी लोकांनी सांगावं.