वाडीत मूकपट दाखवायचेत, कीटन चालेल का?

देवगडकर: मे महिन्यात मुंबईची पोरं गावी असतात तेव्हा वाडीत पडदा लावून विनोदी मूकपट दाखवायचेत, म्हातारी मंडळीपण बसली पाहिजेत. चॅप्लिन सगळ्यांना माहितीये, मला बस्टर कीटन दाखवायचाय. पण 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये वादळात घरं उडतात आणि तौक्ते चक्रीवादळात आमच्याकडे कितीतरी घरांची कौलं गेलेली, लोकांना बघवेल का?

शिरोड्याची: बघवेल, दाखवाच! कीटन रडत नाही, दया मागत नाही, चेहरा तसाच ठेवून पुढची धडपड सुरू करतो, म्हणून वादळ झेललेल्या माणसाला तो आपला वाटेल. ती अंगावर पडणारी भिंत खरी होती हो, जवळपास दोन टनांची, हा बरोबर खिडकीच्या जागी उभा म्हणून वाचला, १९२८ साली कसली ट्रिक न करता. पण सुरुवात त्याने नको, पोरं तासभर बसणार नाहीत. आधी 'वन वीक' लावा, १९२० चा, वीसेक मिनिटांचा. नवराबायको सुट्या भागांचं घर जोडतात आणि ते वाकडंतिकडं होतं, शेवटी रेल्वेचा जो प्रसंग आहे तो सांगत नाही, वाडी उठून उभी राहील.

गुहागरवाला: प्रिंट बघून घ्या. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला बरेचदा आजच्या २४ पेक्षा कमी फ्रेम, म्हणजे चित्रं, ते २४ ने चालवलं की माणसं उगाच तुरुतुरु पळतात आणि पडण्यातलं टायमिंग मरतं. आणि पडदा भरावा म्हणून चित्र झूम करू नका, पाय कापले जातात. ह्यांची अर्धी कॉमेडी पायात आहे.

मालवणी माणूस: बरा इचारलस. म्हाताऱ्यांची काळजी नको, दशावतारी नाटकातला संकासुर बघत मोठी झालेली माणसं आहेत ती, नुसत्या चालण्यावर हसतात. रेकॉर्डेड म्युझिक लावू नका, दशावतारातले पेटी, पखवाज, झांजवाले बोलवा. नटाची हालचाल बघून तिथल्या तिथे वाजवायची त्यांना सवय असते, आणि मूकपटांनाही थेटरात असंच समोर बसून वाजवायचे. दुसऱ्या दिवशी हॅरॉल्ड लॉइडचा 'सेफ्टी लास्ट' ठेवा, १९२३ चा, घड्याळाला लोंबकळतो तो. १९१९ मध्ये बॉम्ब फुटून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बाजूचं बोट गेलेलं, तरी हे सगळं केलंय त्याने, हे पोरांना नक्की सांगा.

देवगडकर: पेटीवाल्याला आजच विचारतो, पण जत्रांचा सीझन संपलेला असला तरी तो आंब्यात अडकलेला असतो. त्याला आधी व्हिडिओ पाठवू की थेट पडद्यासमोरच बसवू?

मालवणी माणूस: एकदा दाखव, भिंत कधी पडते तेवढं कळू दे. बाकी तो बघून घेईल.