कात्लाचे भूकंप उन्हाळा लागला की का वाढतात?

रिकामा हिंचका (दांडिया बाजार, बडोदा):
मंडळी, खुळा प्रश्न आहे, हसू नका. भाची आइसलँडला शिकायला गेल्यापासून तिथल्या हवामान खात्याचा भूकंपांचा नकाशा रोज बघतो आणि वहीत आकडे टिपतो. (रिटायर माणूस, दुसरं काय करणार!) त्यात कात्ला नावाचा ज्वालामुखी आहे, मिर्दाल्सयोकुल हिमनदीच्या शेकडो मीटर जाड बर्फाखाली गाडलेला. हिवाळ्यात माझं पान निम्मं कोरं राहतं, जुलैपासून भरायला लागतं. पश्चिमेच्या गोडाबुंगा भागात तर शरदात जोर असतो म्हणे. शिलारसाला काय पंचांग कळतं? २६ जानेवारी २००१ ला आमचा हिंचका कुणी बसलेलं नसताना झुलायला लागला, तेव्हा कुठला ऋतू आडवा आला होता?

खडकफोड्या:
काका, शिलारसाला नाही, पाण्याला कळतं. हिवाळ्यात वर बर्फाचे थर साचतात, उन्हाळ्यात वितळतात. वजन थोडं हलकं होतं, पण मला पाणी जास्त महत्त्वाचं वाटतं. ते भेगांतून हिमनदीच्या तळाशी जातं, तिथून खडकात मुरतं. खडकातल्या पाण्याचा दाब वाढला की भेगेच्या दोन्ही बाजूंची पकड सैल होते. आधीच सरकायच्या बेतात असलेली भेग मग सरकते. बहुतेक धक्के बारीक असतात. त्यातले काही तर नुसते बर्फ तडकल्याचे, यंत्राला ते वेगळे ओळखणं अवघडच.

पाटणची लेक:
माझं माहेर कोयनेकडचं, आता मांडवीजवळ राहते. आमच्याकडे उलट, पाऊस धरण भरतो आणि पावसाळा सरल्यावर धक्के वाढतात. आजी सप्टेंबरात फळीवरची पितळेची पातेली खाली उतरवून ठेवायची. १९६७ चा मोठा भूकंप ११ डिसेंबरच्या पहाटेचा.

रिकामा हिंचका:
म्हणजे पाणी मुरायला वेळ लागतो! मग कात्लाचे उद्रेकही उन्हाळ्यातच?

खडकफोड्या:
१८२३ चा जूनमध्ये, १८६० चा मे महिन्यात, १७५५ आणि १९१८ चे ऑक्टोबरात. भर हिवाळ्यातला यात एकही नाही. पण चार-पाच उद्रेकांवरून नियम बांधायला मी धजणार नाही. जुलै २०११ मध्ये तर वर उद्रेक काहीच दिसला नाही, तरी बर्फाखालून पाण्याचा लोंढा सुटला आणि मूलाक्विस्ल नदीवरचा हमरस्त्याचा पूल वाहून गेला. भाचीला म्हणावं, त्या नद्यांच्या पात्रात फोटो काढत रेंगाळू नकोस.

रिकामा हिंचका:
सांगतो. आणि उशिराचं कोडं आमच्या माजघरानं सोडवलं. गच्चीवर पाणी तुंबतं श्रावणात, पण भिंतीला ओल फुटते ती नवरात्राच्या सुमारास, घट बसवायच्या कोपऱ्यातच. बायको दर वर्षी विचारते, पाऊस तर गेला, आता हे कुठून? वहीत तापमानाचा रकाना आखलाय, यंदा दिवाळी झाल्याशिवाय पान मिटत नाही.